आत्याच्या सुऱ्या आणि जोखमीचा रकाना

माझी आत्या सुऱ्या करते. पोलाद तापवणं, पातं ठोकणं, धार काढणं सगळं तिचं. लाकडाची मूठ बसवणं आतोबांचं. "धार तिच्याकडे, मुठीत राहायचं माझ्याकडे," असं आतोबा पाहुण्यांना सांगतात आणि मग बराच वेळ आत्याकडे बघत नाहीत.

घरामागच्या शेडमधली ही सुरी लांबलांबचे आचारी मागवतात. मागणी वेबसाइटवर, पैसे आगाऊ, सुरी सहा आठवड्यांनी. गिऱ्हाइकाच्या कार्डातले पैसे आत्याच्या बँकेत पोचवायला एक पेमेंट कंपनी लागते. ती निवडली मी. सगळ्यांत स्वस्त, पाच मिनिटांत खातं! 'काय विकता?' या रकान्यात 'सुऱ्या' लिहिलं की फॉर्म अडायचा, म्हणून मी 'भेटवस्तू' लिहिलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहासुद्धा मागून घेतला.

दोन वर्षांनी कंपनीला भेटवस्तूंना धार असल्याचा पत्ता लागला. एका सकाळी खातं बंद, चाळीस सुऱ्यांचे पैसे सहा महिने अडकलेले. महिन्याभरात दुसरी कंपनी मिळाली नाही तर भट्टी विझवावी लागणार होती.

"भेटवस्तू?" आत्या म्हणाली. "अरे, तुझ्या लग्नात मी काय दिलं?"

"मिक्सर."

"मग! सुरी कुणाला भेट देते का मी? आता मी निवडते. तू फक्त नंबर फिरव."

तिनं कमिशनच्या दराबद्दल एकालाही विचारलं नाही. प्रश्न एकच: "खातं बंद करायची वेळ आली तर मला फोन कोण करणार?" फोन लावला त्या पहिल्या कंपनीत उत्तर द्यायला माणूसच नव्हता. दुसरीतला गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, स्वयंपाकघराचं साहित्य असं लिहा ना, काम होऊन जाईल."

"एक शहाणा घरात आहे," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मी खिडकीबाहेर बघितलं.

तिसरीनं वीस प्रश्न विचारले, फोटो मागवले आणि वर पडताळणीला माणूस पाठवला. टायवाले, टक्कल पडलेले गृहस्थ. पात्यांपासून शक्य तितक्या लांबच्या स्टुलावर बसले.

"तुमचा धंदा जोखमीत मोडतो. दर जास्त पडेल. शिवाय शंभरातले दहा आम्ही सहा महिने राखून ठेवणार, गिऱ्हाइकानं परत मागितले तर असावेत म्हणून."

"रास्त आहे. आणि बंद करायचं झालं तर?"

"नियमाप्रमाणे तत्काळ."

आत्यानं करारातली ती ओळ शोधली आणि पेनानं सरळ खोडली.

"अहो मावशी! छापील कागद आहे तो!"

"मावशी म्हणालात ना? मग मावशीचं ऐका. पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं आणि माणसानं फोन करायचा. जमत नसेल तर चहा घ्या आणि या."

"खरंच जातील ते," मी कुजबुजलो. आतोबा शांतपणे मूठ घासत होते. "जाऊ दे की," ते म्हणाले. "अडकलेले पैसे येतील सहा महिन्यांनी. तिचा पाठीचा कणा गेला तर कुठून आणू?"

टायवाले अंगणात जाऊन साहेबांशी बराच वेळ फोनवर बोलले. परत आले, खोडलेल्या ओळीवर 'पंधरा दिवस, लेखी' असं हातानं लिहिलं, सही केली, खाली स्वतःचा नंबर टाकला. आत्यानं तो तिथल्या तिथे फिरवून त्यांच्या खिशात वाजतो ना, ते ऐकलं. मगच तिनं सही केली.

"आत्या, दर आधीच्या दुप्पट आहे गं," ते गेल्यावर मी म्हणालो.

"आहे ना. लिही गिऱ्हाइकांना. आमच्या धंद्याला जोखमीचा म्हणतात, त्याचा खर्च येतो, म्हणून सुरीची किंमत वाढवली आहे."

मी टाइप केलं. तिनं चष्मा लावून पडदा वाचला.

"हे 'किंचित वाढवली' कुठून आलं?"

"जरा सौम्य वाटतं."

"काढ ते," म्हणाली, आणि भट्टी पेटवायला गेली.