पूर्णेकाठी बॅटरी घेऊन

"तू नुसतं बघ, हात लावू नकोस." मी आठ-नऊ वर्षांची असताना दादाने गच्चीवर दुर्बिणीपाशी मला असं बजावलं होतं. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासलेला, नळी पत्र्याची. आकाश सरकतं, म्हणून एक बारीक चाक सारखं हळूहळू फिरवावं लागतं. ते तो श्वास रोखून फिरवायचा. मी नुसतं बघत आले.

गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरतात. चाकाला बोट लागलं की तारा नाचतो. म्हणून त्याने बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डप्लेअरची मोटर काढून चाकाला जोडली आणि ती फिरवायला मोटारगाडीची जुनी बॅटरी आणली. "ही नीट चालली तर अजून काही वर्षं बघेन. नाहीतर दुर्बीण शाळेला देऊन टाकू," असं तो जेवताना, ताटाकडे बघत म्हणाला. अमरावतीच्या आमच्या गच्चीसमोर आता रस्त्याचा दिवा आला आहे. अकोल्यापलीकडे पूर्णेकाठी त्याचे जुने विद्यार्थी भास्करराव शेती करतात. तिथे काळोख भरपूर. जायचं ठरलं.

कुणाला असं जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. बॅटरी लाकडी पेटीत, चारी बाजूंनी कडबा दाबून, उभीच ठेवावी. आत ॲसिड असतं. आणि हमालाच्या डोक्यावर देऊ नये. बडनेऱ्याला पॅसेंजरमध्ये मी ती पेटी पायांमध्ये धरून बसले. प्रत्येक धक्क्याला झाकणाकडे बघत होते. समोरच्या फेटेवाल्या बाबांना राहवेना.

"बाई, पेटीत लोणचं हाय का जी? लय सांभाळून रायल्या."

"बॅटरी आहे. शनी बघायला चाललोय."

बाबांनी पाय वर घेतले. "आमी तं शनीले तेल वायतो. तुमी ॲसिड घेऊन चालल्या?"

सगळा डबा हसला, दादासुद्धा. मला हसू आलं नाही. मूर्तिजापूर गेलं तरी माझी नजर पेटीवरच होती.

अकोल्याहून अकोटच्या बाजूची एस.टी. मिळते. ती पूर्णेचा पूल ओलांडून फाट्यावर सोडते. पुढे भास्कररावांची बैलगाडी होती. पावसाळ्यात चिखलात रुतलेली चाकोरी आता दगडासारखी कडक झालेली. समोरून कापसाच्या गाड्या आल्या की आमची गाडी कडेला कलायची आणि पेटीतून डुचमळल्याचा आवाज यायचा. लुगड्याच्या काठाला ओल लागली. मी दादाला सांगितलं नाही. काठाला भोकं पडली ती घरी आल्यावर दिसली.

ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा असं जेवण झालं. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचं गोडं पाणी लांबून गाडीवर आणतात. पाहुण्यांना मात्र तांब्या भरभरून तेच. आम्ही हात धुऊन उठलो तेव्हा भास्कररावांच्या पत्नी, कमलवहिनी, समाधानाने म्हणाल्या, "बैलायले पाजलं, तुमच्या बॅटरीले बी पाजलं, ताई. हे रेडिओच्या बॅटरीत भरतात न, तसं. टोपणं उघडून पायलं तं कोरडीच झालती बिचारी."

"कुठलं पाणी घातलंत?" मी विचारलं.

"विहिरीचं. गोडं तुमच्यासाठी ठेवलं."

भास्करराव उठलेच. "अवो, मी त्यात दुकानातलं बाटलीतलं शुद्ध पाणी टाकतो. विहिरीचं कावून टाकलं?"

"बाटली कुठी हाय? तुमीच बॅटरीसंगं अकोल्याले पाठवली."

हे खरं होतं. त्यांची रेडिओची बॅटरी चार्ज करायला अकोल्याला गेली होती, म्हणून ती उसनी घेण्याचीही सोय नव्हती. वहिनींचा चेहरा उतरला. दादा म्हणाला, "राहू द्या, भास्करराव. दारी आलेल्याला पाणी पाजलं, त्यात काय चुकलं?" मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ॲसिड सांडलंय, वर खारं पाणी. चालेल तेवढी चालेल."

अंधार पडताच खळ्यात दुर्बीण उभी केली. तार जोडताना दादाचे हात इतके थरथरत होते की शेवटी भास्कररावांनी ती जोडली. मोटर घुमू लागली. दादाने शनी मध्यावर आणला आणि हात मांडीवर ठेवले. कडं स्पष्ट, स्थिर. कितीतरी दिवसांनी तो घाई न करता बघत होता. मग वहिनी, शेजारपाजारचे, सगळे येऊन बघून गेले. "माणसायले साडेसाती लावाले येवढुसाच देव पुरते का?" वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं. पण माझे कान मोटरकडेच होते. आवाज जड होत गेला.

दादा पुन्हा डोळा लावून बसला आणि मोटर थांबली. शनी कडेला सरकत असणार. त्याने हात उचलून चाकाला लावला. लगेच काढला. पुन्हा लावला. मी इतकी जवळ उभी होते की नुसता हात लांबवला असता तरी पुरलं असतं. तो म्हणाला, "बस झालं. आवरू या."

अमरावतीला परतल्यावर बॅटरी दाखवली. आतल्या पट्ट्या गेल्या, आता ती चार्ज धरणार नाही, असं दुकानदार म्हणाला. आज सकाळी दादाने दुर्बीण पुसून कापडात गुंडाळली आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना उद्या भेटतो म्हणाला.

या प्रवासाचं माझ्यापाशी काय राहिलं, असं विचाराल तर मांडीवर निवांत पडलेले ते दोन हात. तेवढ्यासाठी आज दिवेलागणीला गच्चीवर त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहे. तो नाहीच म्हणेल; चाकाला आजवर त्याने दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलेलं नाही. तरी विचारणार आहे: दादा, तू नुसतं बघ. चाक मी फिरवू का?