नाचाचा सिनेमा पाहिला अन् पोराला खरं सांगितलं

पुंडलिकनगरच्या समद्या बायांनो, आज दुपारी नातीनं, रियानं, टीव्हीवर एक नाचाचा सिनेमा लावला. कोणत्या मुलखातला कुणास ठाऊक, बोलणं काय कळंना. म्हटलं, झोप तरी लागंल.

कसली झोप. त्यातली बाई टाचा आपटून लई झकास नाचती. नवरा तिला केस धरून फरफटतो, काठीनं पाय फोडतो, फरशीवर रक्तच रक्त. तरी ती उठती अन् त्याच पायांवर नाचती. शेवटी काठी हिसकून त्यालाच बडवती. मी इतक्या टाळ्या पिटल्या की मांडीवर चहा सांडला.

रिया बी टाचा आपटायला लागली अन् तेवढ्यात माझा पोरगा, रियाचा बाप, घरात आला. त्यानं तिचा नाचाचा क्लास मागंच बंद केलाय. "पुन्हा नाच?" म्हणत त्यानं हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं.

"आई, तू मधी पडू नको."

"माझं हे कोपर वाकडं कशानं झालं रं?"

"आडावर पडलीस ना तू."

"नाय. नागपंचमीला बायांच्या फेरात नाचले, म्हणून तुझ्या बापानं मुसळ घातलं."

पोरानं उगारलेला हात खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "रिया, क्लास किती वाजता असतो?"

मला लई हलकं वाटतंय बघा. आता तुम्ही सांगा, तुमच्यातल्या किती जणी मार लपवून अजून "पडले" असंच सांगतात?