फोटोखालची पाटी

परभणीकरांनो, बाजारातली ती जुनी दगडी अडत आठवते का, जिथं कापसाचे सौदे व्हायचे? तिचं आता झकपक हॉटेल झालंय. आज सकाळी बाबांना तिथं चहाला नेलं. बाबा पूर्वी त्याच अडतीत कापसाचे दलाल होते.

आत भिंतीवर एक जुना फोटो मोठा करून लावलाय. दोन माणसं समोरासमोर बसलेली, एकाच रुमालाखाली दोघांचे हात. खाली पाटी: 'दोन जिवलग मित्र'.

त्यातले एक बाबा होते.

"मित्र कशाचे?" बाबा म्हणाले. "भाव करायलोत आमी. बोटं दाबून आकडा सांगायचा. बाकीच्यांना दिसू नये म्हणून वरून रुमाल. हा सोनपेठचा व्यापारी, लय हट्टी. ह्याच सौद्यावरून बिनसलं, पुन्हा आयुष्यात बोललो न्हाई."

मॅनेजर बाई ओशाळल्या. "सॉरी काका, पाटी आजच बदलून टाकते."

बाबा फोटोकडं बघत राहिले. "राहू द्या. तो गेला मागच्या वर्षी. आता एकट्यानं काय भांडू?"

चहा आला, तेव्हा बाबांनी आपली खुर्ची फोटोसमोर ओढून घेतली.

मी तर पाटी बदलूनच घेतली असती. तुम्ही?