सेवेरोच्या लेथचं मोठं चाक

माझा थोरला भाऊ सेवेरो फार मारकुटा. माझा पुढचा दात त्यानेच पाडलाय. आमच्या ओरूरो शहरातले खाणीतले गडीसुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत. वडिलांच्या लोखंड कातायच्या लेथने त्याची दोन बोटं खाल्ली, तरी तो त्याच लेथला चिकटून राहिला.

वडील गेले तेव्हा लेथ गंजून दगड झाला होता. सेवेरोने तीन वर्षं तो सोलला. काजळी फासून उंचवटे शोधायचे आणि खरवडून काढायचे, असं चाललं होतं. लेथ फिरवणारं मोठं दातेरी चाक झिजलं होतं, ते नव्याने पितळेत ओतून घेतलं, बहात्तर दाते कानशीने कापले. एक दाता चुकला म्हणून पहिलं चाक भिंतीवर आदळलं होतं. तो खड्डा अजून आहे.

कार्निव्हलच्या मंगळवारी यंत्रांना दारू पाजायची, सजवायचं, पण चालवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. सजवायला कागदी पट्ट्या लागतात. तेलात त्यांचा लगदा होतो, म्हणून लामा जनावरांच्या कानाला आम्ही बांधतो ती लोकर मी खाणीच्या देवीचं, सोकावोनच्या मातेचं नाव घेऊन लेथच्या चकला, म्हणजे लोखंड धरून फिरणाऱ्या जबड्याला बांधली.

तेवढ्यात धाकटा भाऊ इल्दे दारात. सहा वर्षांनी चिलीहून आलेला, मक्याची दारू, चिचा ढोसलेला, गळ्यात आईने विणलेला मफलर, हातात घण.

"माझा अर्धा वाटा दे."

"लेथ काय भाकरी आहे, मोडून द्यायला?"

"मोडूनच नेतो. फिरतं तरी का हे मढं?"

"इल्दे, आज सण आहे रे," मी म्हटलं.

"ताई, तू तुझी जपमाळ ओढ."

मढं म्हटलेलं सेवेरोला सोसलं नाही. त्याने खटका ओढला. लेथ अगदी सावकाश, गोड आवाजात फिरू लागला. ते बघून इल्दे आणखीच पेटला. त्याने घण उगारला, सेवेरोने हात धरला, आणि घाव भिंतीवरच्या खटक्यावर बसला. दांडी तुटून चालूच्याच जागी अडकली. सेवेरोने इल्देच्या नाकावर ठोसा मारला. रक्ताची चिळकांडी उडाली, घण सुटला, इल्दे चकवर कोसळला.

मफलर लोकरीत गुंतला. चक घाई करत नव्हता, पण बैलासारखा ओढत होता. इल्देची मान खाली खाली गेली, चेहरा जांभळा पडला. मी दोन्ही हातांनी ओढत होते. कागदी पट्टी केव्हाच फाटली असती, लोकर काही तुटेना.

सेवेरोने घण उचलला. मला वाटलं, आता हा त्याला संपवतो. त्याने घण मोठ्या चाकावर घातला. त्यावरचं झाकण बसवायचं राहिलंच होतं. एक, दोन, तिसऱ्या घावाला दाते उडाले, एकाने त्याचाच गाल फाडला. चक थांबला.

इल्दे जमिनीवर ओकत होता. "लेथ चालत होता रे," तो कसाबसा म्हणाला.

सेवेरोने त्याला आणखी एक सणसणीत ठेवून दिली आणि गुडघ्यांवर बसून दाते वेचू लागला.

आज राखेचा बुधवार. इल्देच्या मानेवर मफलरची वीण उमटली आहे. सकाळी चर्चमध्ये लावलेली कपाळाची राख न पुसता तो वेचलेलं पितळ वितळवून रातोरात ओतलेल्या नव्या चाकाला कानस मारतोय आणि सेवेरो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. लोकर मी का बांधली, हे दोघांपैकी एकानेही मला अजून विचारलेलं नाही.