मामांची वाऱ्याशी मारामारी

माझे मामा जन्मभर ठोकत आले. म्हणजे गाड्या. अपघातात चेपलेली मडगार्डं, पोटात गेलेली दारं, नाक फुटलेली बॉनेटं त्यांच्यापुढे येऊन पडायची आणि मामा हातोड्याने ती पुन्हा माणसांत आणायचे. गॅरेजात त्यांना सगळे 'ठोक्या' म्हणत आणि मामांना ती पदवी वाटे. वाकडं काही दिसलं की त्यांचा उजवा हात आपोआप वर जाई. लहानपणी त्यांच्यासमोर मी कधी पोक काढून बसलो नाही.

काम सोडल्यावर मामांनी टेकडीच्या माथ्यावर घर घेतलं. विकणाऱ्याने ते त्यांना वारा पडलेल्या दिवशी दाखवलं. तिथे असा दिवस क्वचितच उगवतो. तो गृहस्थ त्याचीच वाट बघत दबा धरून बसला असणार. कारण मामा-मामींचं सामान लागलं न लागलं तोच उत्तरेकडून वारा आला, आणि एकटा नाही, थंडीला खांद्यावर बसवून आला. त्याने पाण्याच्या टाकीचं झाकण नेलं. परसातलं लिंबाचं झाड कमरेत मोडलं. वाळत घातलेल्या चादरीला चारी बाजूंनी धरून उभी फाडली. आणि एके दिवशी मामी परसातून आत येत असताना त्याने मागचं दार असं काही आपटलं, की मामीची दोन बोटं चौकटीत सापडून मोडली.

आत बसलेल्या मामांनी तो आवाज ऐकला आणि विचारलं, "कप फुटला का गं?"

हा प्रश्न मामांना पुढे फार महाग पडला. प्लास्टर घातलेल्या हाताने मामीने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली, एका हाताने कपडे भरले आणि ट्रंक पुढच्या दाराशी नेऊन ठेवली.

"मी धाकट्या बहिणीकडे राहायला चालले. तिच्याकडे खाली झाडाचं पानसुद्धा विचारून हलतं. तुम्ही आणि तुमचा वारा, करा सुखाने संसार!"

मामा चिडले की त्यांना शब्द सुचत नाहीत. त्यांनी ट्रंकेला लाथ घातली. कोपरा खप्पकन आत गेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे पोचे काढणाऱ्या माणसाने स्वतः पाडलेला हा पहिलाच पोचा. स्वतःच दचकून ते हातोडा आणायला वळले.

"हात लावायचा नाही!" मामी म्हणाली. "मी इथे राहायचं ठरवलं तर काढा तो पोचा. नाहीतर तसाच घेऊन जाईन. बघू दे धाकटीला."

"पण ठरवणार कधी?"

"परसात बसून चहा पिईन आणि कपात माती पडणार नाही, त्या दिवशी."

झालं! मामांनी वाऱ्याशी युद्ध पुकारलं. ठोक्याचं युद्ध कसलं असणार? पत्र्याचं. परसाच्या उत्तरेला त्यांनी लोखंडी अँगल गाडले आणि डोक्यावर जाईल एवढी पत्र्याची भिंत उभी केली. "आता ये म्हणावं!" असं म्हणून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वारा आला. त्याने भिंत क्षणभर चाचपली आणि वरचा पत्रा उपटून भिरकावला. तो मामांच्या डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग घेऊन कुंपणापलीकडे गेला आणि शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या स्कूटरच्या सीटमध्ये सुरीसारखा रुतला.

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर ट्रक हाकलेला. ते चाकाचा पाना घेऊनच बाहेर आले.

"पत्रा कुणाचा हा?"

"माझा. आण इकडे."

"आधी सीट भरून दे!"

"आधी माझा कान शोध! तुझ्याच अंगणात पडलाय!"

पुढचं संभाषण हातांनी झालं. पाना मामांच्या बरगडीत बसला, मामांचं डोकं काकांच्या नाकावर. दोघं एकमेकांच्या गळ्यात हात घालून गल्लीत लोळत होते, दुरून बघणाऱ्याला जुने मित्र भेटले असं वाटावं. फक्त रक्त बरंच होतं. शेवटी मामीने धड हाताने बर्फासारख्या पाण्याची बादली दोघांवर ओतली तेव्हा ते कुडकुडत सुटे झाले. कान काही सापडला नाही. काकांचा कुत्रा त्या दिवशी जेवला नाही, एवढंच पुढे कळलं.

कानाला टाके घालून परत येताना मामी त्यांना थेट रस्त्यावरच्या नर्सरीत घेऊन गेली. नर्सरीवाली बाई आवाजाने खणखणीत होती.

"वाऱ्यापुढे भिंत घातली की तो वरून उडी मारतो आणि मागच्या बाजूला दुप्पट जोरात आपटतो. त्याला गाळून घ्यायचा असतो. बांबू लावा. हा थंडी सोसणारा आहे, एका जागी बेट करून राहतो, शेजाऱ्याच्या घरात मुळं घालणार नाही."

"घातली तरी चालतील," मामा म्हणाले.

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "पहिल्या थंडीत पानं करपतील. मेला समजून उपटू नका. मुळांवर पाला जाड पसरा, त्याची गळलेली पानंही तिथेच राहू द्या. जमीन फार कोरडी पडू देऊ नका. आणि कितीही डोलला तरी बांधू नका."

मामा "बरं बरं" म्हणाले. त्यांचा एकच कान धड होता आणि तोही ऐकण्याच्या कामी ते फारसा लावत नसत.

टेकडी सगळी दगडाची. मामांनी पहारीने ती अशी फोडली की ठिणग्या उडाल्या, तळहात सोलवटले. बांबू लागले. थंडीने पानं करपवली, वाऱ्याने त्यांच्या चिंध्या केल्या, आणि "मेले!" असं ओरडत मामा पहार घेऊन निघाले. मामी आडवी आली. तिने एका कांडीवर नखाने ओरखडा काढला. आत हिरवं होतं.

"जिवंत आहे. पहार ठेवा खाली."

थंडी सरली आणि जमिनीतून भाल्याच्या टोकासारखे कोंब वर आले. एकाने तर न्हाणीजवळचा सिमेंटचा थर फोडला. मामांना तो कोंब फार आवडला. दरवर्षी कोंब आदल्या वर्षीपेक्षा जाड यायचे. तिसरी थंडी सुरू झाली तेव्हा बेटं छपराला लागली होती आणि परसातला वारा बराच नरमला होता. मामी चहा घेऊन बाहेर जायची, कपात डोकवायची, मातीचा एखादा कण दाखवायची आणि आत यायची. ट्रंक दाराशीच होती. येता-जाता मामांना तो पोचा दिसे आणि त्यांचा हात वर जाऊन खाली येई.

आणि बांबू वाकत होते! वारा आला की सगळे दक्षिणेकडे झुकायचे. ज्या माणसाला वाकडं दार बघवत नाही, त्याने वाकडी रांग किती दिवस बघायची? एका सकाळी मामांनी पत्र्याच्या भिंतीचे जुने अँगल काढले, बेटांमागे ठोकले आणि एकेक बांबू जाड तारेने आवळून सरळ केला. रांग कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसू लागली.

"बाईंनी काय सांगितलं होतं?" मामी म्हणाली.

"बाईने झाडं विकावी. सरळ कसं करायचं ते मला विचारावं."

दुपारी वादळ आलं. हलायला जागा नाही म्हटल्यावर बांबू तारेच्या गाठीशी फाडफाड मोडू लागले. मोडलेली टोकं तारेला लटकून चाबकासारखी फिरू लागली. एक तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून काच फोडून आत आलं आणि शेगडीपाशी उभ्या मामीच्या कानाजवळून जाऊन फडताळात घुसलं. मामीच्या केसांत काचा. कपाळावरून रक्त. तिने मामांच्या पेटीतून पत्रा कापायची कात्री काढली आणि परसात गेली.

"अगं, तार कापू नकोस! सगळे आडवे होतील!" मामा तिच्या आडवे आले.

"बाजूला व्हा."

"घर जाईल गं!"

"घर नंतर. मी आत्ताच गेले असते!"

मामांनी कात्री धरली. मामीने मामांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तेवढ्यात कुंपणावरून ड्रायव्हरकाका धपकन आत पडले; त्यांच्या स्कूटरच्या नव्या सीटमध्ये आता बांबू घुसला होता. त्यांनी मागून मामांच्या कमरेला मिठी मारली.

"कापा वहिनी, कापा!"

"सोड रे मला!"

"कानाचं विसरलो नाही मी अजून!"

"कान माझा गेला होता!"

मामीने तार कापली. सुटलेला बांबू सणसणत आला आणि मामांच्या तोंडावर असा बसला की पुढचे दोन दात गेले. परतताना त्याने काकांचीही भुवई फोडली. दोघंही चिखलात उताणे. त्यांच्या अंगावरून ते अख्खं बेट खाली आलं, शेंडे मातीला लागले.

"गेलं," मामा रक्त थुंकत म्हणाले.

बेट उठलं. पुन्हा गेलं, पुन्हा उठलं. मामी पुढच्या गाठीकडे वळली होती. मामा गुडघ्यांवर रांगत तिच्यामागे गेले आणि तिला धरायचं सोडून तार ताणून धरू लागले, कापायला सोपी जावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी वारा होताच. मी पोहोचलो तेव्हा मामांचा चेहरा थेट गॅरेजात यायच्या गाड्यांसारखा झाला होता. बेटांतले मोडके बांबू बुडाशी कापून टाकले होते, उरलेले मनसोक्त हेलकावे खात होते. मामी उलट्या बादलीवर बसून चहा घेत होती. तिने कपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कप संपवून खाली ठेवला, आत गेली आणि ट्रंक फरफटत बाहेर आणली. रिकामी होती.

"घ्या. काढा तो पोचा."

 मामांनी हातोडा आणला, ट्रंक मांडीत घेतली आणि आतून इतकं हळू ठोकू लागले, जणू पत्र्याला लागेल अशी भीती वाटत होती.

"अरे ठोक्या!" कुंपणापलीकडून आवाज आला. "डोकं फुटलंय माझं! बंद कर ते!"

"थांबा हो भावजी," मामी ओरडली, "थोडंच राहिलंय!"