आवाज नसलेला जनरेटर

आमच्या घरात वस्तू उशिरा येते, तिचे किस्से आधी येऊन बसतात. फ्रीजचे म्हणे फ्रीजच्या आधी आले होते. संतोषच्या मोटरसायकलीचे अजून येतायत. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे किती झाले असतील, ते मला कुणी सांगितलेलं नाही. जनरेटरचे मात्र सगळे माझ्या डोळ्यांदेखत झाले. मी कमी बोलते, त्यामुळे ते माझ्याकडे साठून राहिले. परवा निपाणीला माहेरी गेले आणि मैत्रिणींना सांगायला बसले, तर चहा दोनदा गरम करावा लागला.

आधी घर सांगते. बेळगावात वडगावला आमचं घर आहे. खाली यंत्रमागाचा कारखाना, वर आम्ही. माझे सासरे आप्पा, सासूबाई, नवरा संतोष आणि मी. माग सकाळी सुरू होतात आणि घरातलं सगळं बोलणं त्या खडखडाटावरून मारावं लागतं. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, ही माणसं सारखी भांडतायत. "चहा घेतीस काय गं?" हेसुद्धा असं यायचं, की मी काहीतरी फोडलं असावं.

निपाणीला आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. मी त्याच आवाजात उत्तरं द्यायची. महिन्याभरानं सासूबाईंनी माझ्या आईला फोन केला. "पोरगी लई गुणाची हाय ओ. पण बोलत न्हाय."

मी महिनाभर बोलत होते.

*

लाईट गेली की माग एकदम थांबतात. पण माणसांचे गळे लगेच थांबत नाहीत, एक वाक्य तरी पुढं जातंच. आमच्या गल्लीतली सगळी गुपितं अशीच फुटतात.

एकदा सासूबाई पायरीवर बसून शेजारच्या काकूंच्या कानात काहीतरी सांगत होत्या. कानात म्हणजे आमच्याकडच्या पद्धतीनं, तोंडाशी हात धरून, पूर्ण ताकदीनं. तेवढ्यात लाईट गेली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं, "आमच्या सुनंला भाकरी थापाय येत न्हाय, पर कुणाला सांगू नको!"

त्या संध्याकाळी तीन घरांतून मला भाकरी आल्या.

*

आता मुद्द्याचं. मी विम्याच्या कागदांचं काम घरून करते. लोकांना फोन करायचा, मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारायचं, दवाखान्याचे कागद तपासायचे. ऑफिस पुण्याला. माझी खोली वर, मागच्या बाजूला. दार-खिडकी लावून हेडफोन घातला, की मागांचा आवाज लांब जातो. अडचण लाईटची. ती 'दुरुस्तीचं काम आहे' म्हणून सकाळी गेली, की उन्हं उतरल्यावर येते. घरातला इन्व्हर्टर जुना, दुपारच्या जेवणापर्यंतच मान टाकतो. मग नेट बंद, लॅपटॉप बंद आणि पलीकडचा माणूस वाक्याच्या मधोमध लटकलेला.

खरं तर लाईट नसताना घर पहिल्यांदा शांत होतं. माझ्या कामाला त्याच्याइतका चांगला वेळ नाही. फक्त वीज नसते.

असं दोनदा झाल्यावर ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, "रूपा, पुन्हा झालं तर दसऱ्यापासून तुला पुण्याला येऊन बसावं लागेल. नाहीतर सोडून दे."

संतोषची नोकरी इथल्या फाउंड्रीत. लग्नाला वर्ष झालेलं नाही. मी जेवताना हे घरात सांगितलं. नशिबानं तेव्हा लाईट नव्हती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आप्पांनी घास खाली ठेवला. "पुण्याला बिण्याला काय न्हाय. जनरेटर घिऊया."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घोळ तिथून सुरू होणार, हे तेव्हा कळलं नाही.

*

दुकानदारानं फोनवर विचारलं, "सावकार, त्याच्यावर काय काय चालवणार?"

मी म्हटलं, लॅपटॉप, नेटचं मशीन, एक बल्ब, एक पंखा.

"मिक्सर धरा," सासूबाई म्हणाल्या. मग फ्रीज धरला. फ्रीज धरला म्हटल्यावर पाण्याच्या मोटारीनं काय घोडं मारलंय, म्हणून मोटार धरली. आप्पांनी देवघरातली दिव्यांची माळ धरली. शेजारचे बाळूअण्णा दारातच उभे होते. ते प्रत्येक बाबतीत दारात उभे असतात. ते म्हणाले, "एक वायर भिंतीवरनं आमच्याकडं टाका की. टीव्हीपुरती."

संतोषनं सगळं फोनवर वाचून दाखवलं. पलीकडं कॅल्क्युलेटरची बटणं वाजत राहिली. मग दुकानदार म्हणाला, "सावकार, ह्याला जनरेटर पुरणार न्हाय. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर इकत घ्या."

*

आम्ही दुकानात गेलो. आप्पा, संतोष, मी, आणि रिक्षात जागा होती म्हणून बाळूअण्णा.

आप्पांबद्दल एक सांगायला हवं. ते मशीन डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात. वर जेवायला बसलेले असले तरी मध्येच थांबून म्हणतात, "तीन नंबरचा माग कण्हतोय." खाली जाऊन बघावं, तर तीन नंबरला खरंच काहीतरी झालेलं असतं. चालणारं मशीन बोलतं आणि गप्प झालं ते बंद पडलं, एवढं साधं त्यांचं शास्त्र. चाळीस वर्षं ते खरं ठरलेलं.

दुकानदारानं एक छोटा, चौकोनी, बंद डब्यासारखा जनरेटर पुढं ठेवला. "हा आवाज न करणारा. घरासाठी हाच बरा." त्यानं दोरी ओढली.

आप्पा वाट बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "चालू करा की."

"चालू हाय, सावकार."

आप्पांनी त्याच्यावर तळहात ठेवला. मग वाकून कान लावला. मग आजाऱ्याला बघून खोलीबाहेर यावं तसे मागं सरकले. "ह्याच्यात काय दम न्हाय."

"त्याला मनच न्हाय कामाचं," बाळूअण्णा म्हणाले.

मग दुकानदारानं कोपऱ्यातला दुसरा चालू केला. त्याच्या आवाजानं शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. आप्पांचा चेहरा उजळला. "ह्यो बोलतोय बगा!"

मी पुढं होऊन सांगितलं, "आप्पा, मला फोनवर बोलायचं असतं. तो पहिला, आवाज नसलेलाच पाहिजे."

संतोषनं कानामागं हात धरला. "काय म्हणालीस?"

मी परत सांगितलं. आप्पांनीही माझ्याकडं बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "व्हय, सूनबाईलाबी ह्योच पसंत हाय."

दुकानदारानं तेवढं ऐकलं आणि कन्नडमधून होकार भरला, "हौद्री!" सौदा झाला.

*

घरी आल्यावर सासूबाईंनी हळद-कुंकू लावून नारळ फोडला. नारळाचं पाणी नेमकं त्याच्या जाळीतून आत गेलं आणि पहिला दिवस ते वाळवण्यात गेला.

मग ठेवायचा कुठं? आप्पांनी तो कारखान्यात, मागांच्या शेजारी ठेवला. चोरीची भीती नाही, शिवाय त्याला सोबत. मी पायरीवरून ओरडले, म्हणजे माझ्या मानानं ओरडले, की आत चालवायचा नाही, धूर कोंडला तर माणसं जागच्या जागी मरतील. माग चालू होते. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता, कारखान्यात कामगार एकमेकांशी हातांनी बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळ्याला खुणा आहेत. इतक्या महिन्यांत मी त्या बघून ठेवल्या होत्या. मी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले. जनरेटरकडं बोट केलं. धूर वर चढवला. दारं बंद केली. मान तिरकी टाकून डोळे मिटले. मग एकेकाकडं बोट केलं: तुम्ही, आई, संतोष, मी.

आप्पांनी लगेच दोन कामगारांना हाक मारली आणि जनरेटर उचलून बाहेर नेला.

या घरात माग चालू असताना माझं पहिल्या झटक्यात कळलेलं वाक्य ते. पण बाहेर जागा एकच होती, मागच्या बाजूला, पत्र्याखाली. माझ्या खिडकीच्या बरोबर खाली.

*

पेट्रोलचीही तऱ्हाच. पंपावर डब्यात पेट्रोल देत नाहीत. मग बाळूअण्णांनी युक्ती काढली. आप्पांनी पैसे द्यायचे, बाळूअण्णांनी आपल्या गाडीची टाकी फुल्ल करून आणायची आणि घरी आल्यावर नळीनं जनरेटरमध्ये काढायचं.

पहिल्यांदा टाकी भरायला गेलेले बाळूअण्णा संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. आप्पांनी फोन केला.

"गुंजीला आलोय," ते म्हणाले. "सासुरवाडीला. टाकी फुल्लच हुती, म्हटलं जाऊन यावं."

दुसऱ्या दिवशी नळी लावल्यावर एक तांब्याभर निघालं. "गाडी लई पेट्रोल खातीया," बाळूअण्णा गाडीकडं बघत म्हणाले.

*

तेवढ्या तांब्याभरावर पुढचा प्रसंग झाला.

लाईट गेली आणि मॅडमचा फोन आला, दोन्ही एकाच वेळी. खाली आप्पांनी मोठ्या उत्साहानं दोरी ओढली. माझ्या टेबलावरचा चमचा कपात वाजायला लागला.

"रूपा, हा कसला आवाज? बसस्टँडवर आहेस का?"

"घरीच आहे, मॅडम."

"काय?"

"घरी! जनरेटर आहे!"

"काही ऐकू येत नाहीये!"

मला काय झालं कोण जाणे. मी खुर्चीतून उठले आणि जन्मात पहिल्यांदा वडगावच्या गळ्यानं बोलले. "जनरेटर आहे, मॅडम! सासऱ्यांनी पसंत केलाय! मला आवाज नसलेला पाहिजे होता, पण ह्या घरात माझं कुणी ऐकतच नाही!"

'जनरेटर आहे' आणि 'सासऱ्यांनी' यांच्यामध्ये कुठंतरी पेट्रोल संपलं होतं.

मी खिडकीतून खाली बघितलं. आप्पा हातात दोरी धरून वर बघत होते. सासूबाई चाळण धरून वर बघत होत्या. पलीकडच्या गच्चीवरून बाळूअण्णा सहकुटुंब वर बघत होते.

"मला ऐकू आलं, रूपा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गुरुवारी मी स्वतः तुझ्या कॉलवर ऐकत बसणार आहे. तेव्हाही असंच असेल, तर पुणे."

मी खाली जाऊन मॅडमचं गुरुवारचं सांगितलं. सासूबाईंनी माळ्यावरून माझी बॅग काढली आणि फडक्यानं पुसायला घेतली. आप्पा तोंड फिरवून बसले. संतोष मला हळूच म्हणाला, "तुला एवढा आवाज हाय?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा जनरेटर टेम्पोत चढला. आप्पा एकटेच गेले. बाळूअण्णांना जागा नाही म्हणून सांगितलं, टेम्पोत जागा होती. दुपारी ते छोटा, बंद डब्यासारखा घेऊन आले, पत्र्याखाली ठेवला, जुना इन्व्हर्टर काढून त्याची वायर घराला जोडली आणि जेवायला बसले. जेवताना एकदाच म्हणाले, "मिळमिळीत हाय. पर असू दे."

गुरुवारी दहानंतर लाईट गेली. मी एका आजोबांना फोन लावला होता. खानापूरकडचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. मॅडम तिसऱ्या लाईनवर गुपचूप ऐकत होत्या. माग थांबले. गल्ली गप्प झाली. नेटच्या मशीनचा दिवा विझला, आणि मी श्वास धरून बसेपर्यंत परत लागला. खाली जनरेटर चालू झाला होता. मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

आप्पांनाही आलं नव्हतं. तीच तर पंचाईत. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला. वाकून कान लावला. सरळ झाले, वर बल्बकडं बघितलं, परत कान लावला. मग जिन्यावर त्यांची पावलं वाजायला लागली.

मी आजोबांना विचारत होते, डिस्चार्जचा कागद जवळ आहे का. दार उघडलं. आप्पांनी डोकं आत घातलं आणि चार माग चालू असताना लागतो तेवढ्या गळ्यानं विचारलं:

"सूनबाई, आवाज येत न्हाय न्हवं?"

माझे हात टेबलावर तसेच राहिले.

"न्हाय ओ, आप्पा," खानापूरचे आजोबा म्हणाले. "कायबी न्हाय."

आप्पा खूश होऊन खाली गेले. आजोबा कागद शोधायला उठले. तेवढ्यात स्क्रीनवर मॅडमचा मेसेज आला.

"पुणे रद्द. आप्पांना सांग, मलाही नाही आला."