पोटाचा पट्टा

लकव्यानं बाबांचं गिळणं बंद पडलं, तेव्हा डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून जठरात नळी बसवली; ती निसटू नये म्हणून तिला आत एक चकती, बाहेर एक. नळी करंगळीएवढी, पण तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात तिचा असा दरारा, की भिंतीवरची पालसुद्धा चवड्यांवर चाले. ज्या माणसाच्या शिंकेनं शेजाऱ्यांच्या छपरावरची कवेलू सरकत, तो आता सिरिंजनं जेवत होता.

"नळी हालून राहिली ना रे," आई म्हणाली. "निसटली म्हणजे?"

आईनं अर्ध्या मोहल्ल्यातल्या बाळंतिणींची पोटं बांधलेली. जुनं लुगडं फाडून तिनं पट्टा केला आणि नळीच्या बाहेरच्या चकतीखालून घेऊन बाबांचं पोट असं आवळलं, की सिलतराच्या कारखान्यांचे ट्रकवाले ताडपत्री बांधायला तिच्याकडे शिकायला आले असते.

बाबा चांगल्या हातानं पोटावर थापा मारू लागले. बोलता येत नव्हतंच.

"पाय रे, सैल वाटून राहिलं त्यायले," म्हणत आईनं आणखी एक गाठ मारली.

एका दुपारी पाणी आत जाईना. मी सिरिंज दाबली, तर नळीच्या बाजूनं पिवळं पाणी उसळलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. पोटाला हात लावला तर तवा! ऑटोत आई सारखी विचारत होती, "श्वास घेऊन राहिले ना?" समता कॉलोनीतल्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्या दिवशी कोणीतरी ओढून पार दुसऱ्या शहरात, बिलासपूरपर्यंत नेला होता.

डॉक्टरनं पट्टा कापला. "ये किसने बांधा?"

"म्या," आई म्हणाली. एवढ्या हळू आवाजात मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

चकतीखालच्या पट्ट्यानं नळी बाहेर ओढली जाऊन आतली चकती जठराच्या भिंतीत रुतली होती. "एक बार और ज़ोर से दबाते, तो सब पेट में फैल जाता," डॉक्टर मला म्हणाले. तेव्हापासून मी सिरिंज एकाच बोटानं दाबतो.

रुतलेली नळी काढली, नवी बसवली, बाबा घरी आले. आणि काल त्यांनी पुन्हा पोटावर थाप मारली.

मी एकाच पायात चप्पल घालून ऑटोसाठी धावलो. आईनं पदर तोंडात कोंबला. परत येऊन चकती पाहिली: सैल, कातडी थंड. बाबा स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होते. कढईत भजी तळत होती.

आईनं गॅस बंद केला. "भजी नाही जमत हो आता. भूक लागली तर हात वर करा. दुखलं तरच थाप मारा. समजलं ना?"

बाबांनी हात वर केला. अर्धाच. मग तो हळूहळू पोटाकडे उतरू लागला, आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्या हाताकडे पाहत राहिलो.